बाळाचे नाव थालिया: ग्रीक अर्थ आणि वऱ्हाडी हाक

वाचकाचे पत्र, थोडक्यात आणि ओळखीचे तपशील गाळून:

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका भगिनीने लिहिले आहे. आश्विन महिन्यात त्यांना पहिली मुलगी झाली. बाळंतपण माहेरी, वर्धा जिल्ह्यात, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाले. सोयाबीनच्या काढणीत बाराव्या दिवसाचे बारसे राहून गेले आणि आता ते माघात करायचे ठरले आहे. भटजींनी पत्रिका करून उत्तराभाद्रपदा नक्षत्र, मीन रास आणि 'थ' हे अक्षर काढून दिले. 'थ' वरून मराठी नाव सापडेना, तेव्हा यजमानांनी मोबाइलवर शोधून 'थालिया' हे नाव पक्के केले. मूळ ग्रीक, अर्थ 'फुलणारी' आणि नाव 'अत्यंत दुर्मीळ', असे तिथे लिहिले होते. सासूबाईंना देवीचे नाव हवे आहे. बारशाला नाव ठेवण्याचा मान ज्यांचा, त्या नणंदबाईंनी फोनवरच सुनावले, "शायेतले पोट्टे थायी-वाटी म्हणतीन इले." यजमानांचे म्हणणे असे की त्यांच्या वर्गात चार गजानन होते, त्यांतले ते तिसरे, आणि लेकीच्या वाट्याला ते येऊ द्यायचे नाही. (विदर्भात इतके गजानन आहेत की एवढ्यावरून कोणाची ओळख उघड होण्याची भीती नाही.) भगिनी विचारतात की अर्थ खरा आहे का, नाव खरोखर इतके दुर्मीळ आहे का, ते परक्या धर्माचे ठरेल का, आणि शेवटी, "यजमानांना नाही म्हणू, की नणंदबाईंची समजूत घालू?"

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवते, कारण नावाचा अर्थ, त्याचा प्रसार आणि त्याचा उच्चार पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही.

अर्थाच्या बाबतीत मोबाइलने तुमच्या यजमानांना फसवलेले नाही. हे आधी सांगण्याचे कारण असे की नावांच्या याद्यांमध्ये कोणत्याही नावापुढे 'सुंदर', 'राजकन्या' किंवा 'देवाची देणगी' असे लिहून मोकळे होण्याची रीत पडली आहे. थालिया हे नाव ज्या ग्रीक धातूवरून आले त्याचा अर्थ अंकुरणे, बहरणे, हिरवेगार होऊन वाढणे असा आहे, आणि त्याच धातूपासून झालेल्या 'थाल्लोस' या शब्दाचा अर्थ आहे कोवळा हिरवा कोंब. घरात कोणाचे विज्ञानाचे पुस्तक असेल तर मूलद्रव्यांच्या तक्त्यातले ८१ वे घर पाहा. तिथे थॅलियम आहे. १८६१ मध्ये विल्यम क्रुक्स यांना वर्णपटात एक लख्ख हिरवी रेघ दिसली आणि त्या कोंबाच्या शब्दावरूनच त्यांनी नव्या मूलद्रव्याला नाव दिले. तेव्हा 'फुलणारी' हे भाषांतर चुकीचे नसले तरी 'कोंब फुटणारी, भरास येणारी' हे मूळच्या अधिक जवळचे आहे. मृगात टोबलेली सरकी दोन पाने घेऊन मातीची खपली उचलत वर येते, ते तुम्ही दरवर्षी पाहता. पाती आणि फूल त्यानंतर कितीतरी दिवसांनी येते. थालिया हे त्या पहिल्या दोन पानांचे नाव आहे.

ग्रीक पुराणात थालिया एक नाही, दोन आहेत. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास होऊन गेलेला हेसिअड हा कवी स्वतः शेती करणारा आणि मेंढरे चारणारा होता. त्याने देवांचा राजा झ्यूस आणि स्मृतीची देवता नेमोसिनी यांच्या नऊ मुलींची, म्हणजे कलांच्या नऊ देवतांची नावे दिली आहेत, आणि त्यांत एक थालिया आहे. लावण्य आणि प्रसन्नता यांच्या ज्या तीन देवी तो सांगतो, त्यांतही एक थालिया आहे. ही दुसरी समृद्धीची आणि सणासुदीच्या आनंदाची देवी. किंबहुना सामान्य नाम म्हणून या ग्रीक शब्दाचा अर्थच रेलचेल, मेजवानी, पंगतीचा आनंद असा होतो. तेव्हा तुमच्या नणंदबाईंनी थट्टेने जी थाळी काढली, ती अर्थाच्या फार लांब गेली नाही, हे त्यांना जरूर कळवा. पुढच्या काळात नऊ बहिणींमध्ये कामांची वाटणी झाली तेव्हा कलादेवता थालियाच्या वाट्याला विनोदी नाटक आणि रानातली, गुराख्यांची कविता आली. म्हणून शिल्पांत तिच्या हाती हसरा मुखवटा आणि मेंढपाळाची काठी दिसते. सासूबाईंना देवीचे नाव हवे आहे आणि ही देवीच आहे. फरक इतकाच की ती आपल्या देव्हाऱ्यातली नव्हे. दिवाळीनंतर गावात दंडार किंवा खडी गंमत ही आपली लोकनाट्ये उभी राहतात, त्या मंडपाच्या खांबाशी तिची जागा आहे असे समजा. लेक मोठी झाली की तिला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे १८५२ मध्ये जॉन रसेल हाइंड यांनी लंडनहून शोधलेल्या २३ क्रमांकाच्या लघुग्रहाचेही हेच नाव आहे.

भाग्यांक, शुभ रंग, या नावाच्या मुलींचा स्वभाव वगैरे जे काही त्या नोंदीखाली असेल, त्यावर मी काही लिहीत नाही. ते कोणत्याही नावाखाली थोड्याफार फरकाने तेच असते.

आता दुर्मीळपणाकडे वळू, कारण तुमच्या यजमानांचा सगळा भर त्यावर आहे. नाव दुर्मीळ आहे असे म्हटले की लगेच 'कुठे?' असे विचारावे लागते. ग्रीसमध्ये थालिया हे आजही माणसांचे नेहमीचे नाव आहे. मेक्सिकोत आणि स्पॅनिश बोलणाऱ्या इतर देशांत १९७१ मध्ये जन्मलेल्या एका गायिका-अभिनेत्रीमुळे ते घराघरांत पोचले. १९९० च्या दशकात तिच्या दूरदर्शन मालिका अनेक देशांत पाहिल्या गेल्या. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खाते नावांची वर्षवार आकडेवारी प्रसिद्ध करते आणि ती १८८० च्या जन्मांपासून उपलब्ध आहे. एका वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना मिळालेले नाव त्या यादीत दाखवत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्येही अशी यादी दरवर्षी निघते. आपल्याकडे जन्मनोंदणीतून नावांची अशी देशव्यापी क्रमवारी काढण्याची पद्धतच नाही. मग 'भारतात अत्यंत दुर्मीळ' किंवा 'भारतात अमुक क्रमांक' हे मोबाइलवर येते कुठून? बहुधा त्या ठिकाणी किती लोकांनी ते नाव उघडून पाहिले यावरून, किंवा दुसऱ्या देशाच्या यादीवरून. तुमच्या तालुक्यात दुसरी थालिया नसेल हे मी पैजेवर सांगते, पण ते सांगायला मोबाइल कशाला हवा?

नाव दुर्मीळ असण्याने मुलीला नेमके काय मिळते, हाही प्रश्न यजमानांपुढे ठेवून पाहा. त्यांचे दुखणे मी हसण्यावारी नेत नाही. शेगावला गजानन महाराज १८७८ मध्ये प्रकटले आणि १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली. तेव्हापासून वऱ्हाडातल्या किती घरांनी नवस फेडताना आणि श्रद्धेने हे नाव ठेवले असेल याची गणती नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला त्या श्रद्धेचे काय? त्याला एवढेच कळते की गुरुजींनी हाक मारली की चार माना वर होतात, आणि मग 'तो नव्हे, तिसरा' असे ऐकू येते. तिसरा गजानन म्हणून वाढलेल्या माणसाला आपली लेक पहिली आणि एकटी असावीशी वाटणे साहजिक आहे. मात्र वर्गात एकच नाव असणे आणि जगात दुर्मीळ नाव असणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे. पहिलीसाठी ग्रीसपर्यंत जावे लागत नाही. गावातल्या अंगणवाडीच्या पटावर डोळे फिरवले तरी कोणती नावे टाळायची ते कळते.

परकेपणाचे म्हणाल, तर हे नाव ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी आधीचे आहे आणि आज ते कोणा एका धर्माचे राहिलेले नाही. 'ग्रीक म्हणजे आपल्याशी संबंध नसलेले' हे गृहीत धरताना आपण काय काय विसरतो, हेही पाहण्यासारखे आहे. तुमची मुलगी ज्या आरोग्य केंद्रात जन्मली, त्यातला 'केंद्र' हा शब्द संस्कृतने ग्रीकमधून घेतला. विहीर खोदताना कातळ लागला की आपण जो सुरुंग लावतो, तो शब्दही तिकडचाच. कापसाचा आपण जो दाम मागतो तो 'द्रम्म' या शब्दातून आला आणि द्रम्म म्हणजे ग्रीकांचे द्राख्मा हे नाणे. सगळ्यांत गंमत म्हणजे भटजींनी ज्या शास्त्राच्या आधारे तुम्हाला 'थ' काढून दिला, त्यातला 'होरा' हा शब्दच ग्रीक आहे. तो 'अहोरात्र' या शब्दाची दोन्ही टोके छाटून झाला, असे आपल्याकडे जुन्या काळापासून सांगत आले आहेत, पण भाषाशास्त्र ते मानत नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिर या ज्योतिषाने मेषेला 'क्रिय' आणि वृषभेला 'तावुरि' अशी जी नावे दिली ती ग्रीकच आहेत, आणि यवनांमध्ये, म्हणजे ग्रीकांमध्ये, हे शास्त्र नीट रुजले असल्याने ते ऋषींसारखे पूज्य आहेत, असेही त्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा 'थ' चालतो आणि थालिया चालत नाही, असे निदान मूळच्या कारणावरून तरी कोणाला म्हणता येणार नाही.

एवढे सगळे नावाच्या बाजूने झाले. आता नणंदबाईंच्या बाजूने.

शब्दकोशातला अर्थ आणि गावाच्या कानाला ऐकू येणारा अर्थ हे दोन वेगळे असतात, आणि रोजच्या वापरात दुसराच जिंकतो. सोनिया हे नाव आपल्या खेड्यांत कोणालाच परके वाटत नाही. ते सोफिया या ग्रीक नावाचे रशियन लाडके रूप आहे आणि त्याचा मूळ अर्थ शहाणपण, पण आपल्या कानाला त्यात सोने ऐकू आले आणि नाव रुळले. रीटाचे मूळ मोती या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, हे कोणाच्या गावीही नसते. सोनियाच्या नशिबात सोने आले, थालियाच्या नशिबात थाळी येणार. त्यातही आपल्या वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो, शाळेची शाया होते आणि थाळीची थायी. मुलगी पहिलीत गेली की पंधरा दिवस 'थायी' होणार, हे नणंदबाईंचे भाकीत मला खरे वाटते. पण ते पंधरा दिवसच. मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आणि मुलांनी चिडवण्यासाठी ज्याचे काही केले नाही असे एकही नाव मला आठवत नाही. चिडवायला विषय पुरतो तोवर चिडवतात, मग दुसरा सापडतो.

मला भीती वेगळ्या गोष्टीची वाटते, आणि त्यात मुलांचा नव्हे, मोठ्यांचा दोष असतो. माझ्या वर्गात पहिलीला एक मुलगी आली. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये तिचे नाव अनिता होते, म्हणून मी हजेरीत अनिता लिहिले आणि चार वर्षे अनिता अशीच हाक मारली. ती हात वर करून 'हजर' म्हणत असे. चौथीत एका परीक्षेचा अर्ज भरताना वडील जन्माचा दाखला घेऊन आले आणि त्यावर अन्विता हे नाव निघाले. दाखल करताना कोणीतरी ऐकले अन्विता आणि लिहिले ओळखीचे अनिता. मी मुलीला विचारले, "बाई, तू सांगितलं काहून नाही?" ती म्हणाली, "मले वाटलं शायेतलं नाव वेगळंच रायते." तो अर्ज आम्ही दुरुस्त केला, पण तिने चार वर्षे दुसऱ्याच्या नावाला हजेरी दिली, ते मला अजून टोचते. ऐकणाऱ्याला अनोळखी असलेले नाव जवळच्या ओळखीच्या नावाकडे सरकते. थालियाचे थलीया होईल, तालिया होईल, कोणी बागेतल्या फुलावरून डेलिया करील. रोमन अक्षरांत 'टी-एच' ने 'थ' ही लिहितात आणि 'ठ' ही, त्यामुळे संगणकाने परत मराठीत आणताना ठालिया होण्याचीही सोय आहे. उच्चाराची अडचण मात्र तुम्हाला वाटते तेवढी नाही. प्राचीन ग्रीकमध्ये या नावाचे पहिले अक्षर आपल्या 'थ' सारखेच होते. आजच्या ग्रीकमध्ये आणि इंग्रजीत ते जिभेचे टोक दातांत धरून काढतात. तुमच्या सासूबाई जे थालिया म्हणतील, ते लंडनच्या माणसापेक्षा हेसिअडला लवकर समजले असते.

राहिला 'थ' चा आग्रह. उत्तराभाद्रपदाच्या चार चरणांची अक्षरे दू, थ, झ, ञ अशी आहेत. 'ञ' वरून कोणाचे नाव तुम्ही ऐकले आहे का? अक्षर अडले की त्याच राशीतले दुसरे घ्यायचे, ही पळवाट जुनीच आहे, आणि मीन राशीत दी, दू, दे, दो, चा, ची इतकी अक्षरे आहेत की नावांचा तुटवडा पडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नामकरणाच्या जुन्या विधीत एकच नाव ठेवत नाहीत. कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहारासाठी एक, अशी चार नावे असतात. नक्षत्राचे नाव पत्रिकेत राहते, व्यवहाराचे हाकेत. अर्जात एकच रकाना असतो म्हणून आपण घरात एकाच नावावरून भांडतो.

इथे थोडे माझ्याविषयी. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले आणि वडिलांनी ठेवलेले नाव मागे पडले. ते मला कोणी विचारून केले नव्हते आणि तेव्हा ते विचारायचे असते हे मलाही माहीत नव्हते. निवृत्तीच्या वेळी प्रमाणपत्रांवर एक नाव, सेवापुस्तकात दुसरे आणि बँकेत दोहोंची सरमिसळ, अशी स्थिती होती. त्या दोन्ही बाई मीच आहे, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून देण्यासाठी मी एका कार्यालयाच्या बाकावर किती दुपारी काढल्या ते सांगत नाही. मुलीचे नाव लग्नापर्यंतचेच, असे धरून चालणाऱ्या पिढीत आम्ही वाढलो. म्हणून एखादा बाप रात्री जागून लेकीसाठी नाव शोधतो, त्याचा अर्थ तपासतो, ते आयुष्यभर टिकेल असे धरून भांडतो, तेव्हा ते नाव मला पटो न पटो, त्या माणसाबद्दल माझे मत चांगलेच होते. तुम्हीही हे त्यांना एकदा बोलून दाखवा. त्यानंतर वाद घालणे सोपे जाईल.

आता तुमचा प्रश्न. यजमानांना नाही म्हणू की नणंदबाईंची समजूत घालू, असे तुम्ही विचारता, म्हणजे तुमच्यापुढे दोनच कामे आहेत आणि दोन्ही निरोप्याची आहेत. मी तुमचे पत्र पुन्हा वाचले. त्यात यजमानांचे मत आहे, सासूबाईंचे आहे, नणंदबाईंचे तर त्यांच्याच शब्दांत आहे. तुमचे मत कुठेही नाही. एका ठिकाणी मात्र तुम्ही सहज लिहून गेलात की रात्री दूध पाजताना तुम्ही तिला नुसते 'माय' म्हणता. ती हाक तशीच राहू द्या, पण कागदावरच्या नावाबद्दलही बोला. राज्य शासनाच्या मार्च २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचे नाव लिहिताना आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. तिच्या नावाला लागून तुमचेच नाव येणार आहे. थालिया, पुढे तुमचे नाव, पुढे गजानन आणि आडनाव, असे एका दमात मोठ्याने म्हणून पाहा. कानाला गोड लागते की अडखळते, ते तुम्हाला जितके कळेल तितके मला इथे बसून कळणार नाही.

माझा स्वतःचा कल विचाराल तर तोही लपवत नाही. 'थ' ज्या नक्षत्राचा, त्याच नक्षत्राचे पहिले अक्षर 'दू'. त्यावरून दुर्वा हे नाव निघते. लिहिताना ऱ्हस्व, दीर्घ दोन्ही चालतात. दुर्वा म्हणजे पेराला पेर फुटत जाणारा हिरवा कोंब, म्हणजे ग्रीक थालियाचा जो मूळ अर्थ, जवळपास तोच. सासूबाईंना देवीचे हवे होते; देवीचे नाही, तरी देवाचे यात आहे. नणंदबाईंच्या तोंडात ते बसेल. आणि दुर्वा वाहतात कोणाला, हे तुमच्या घरात मी सांगायला नको; वर्गात तिसरा ठरलेला गजानन लेकीच्या नावाने एकदम पहिला होतो. उणे इतकेच की दुर्वा हे नाव आजकाल बऱ्याच घरांत ऐकू येते आणि यजमान लगेच तेच म्हणतील. तेव्हा त्यांना सरळ विचारा. थालिया मेक्सिकोत आणि ग्रीसमध्ये नेहमीचे आहे हे कळल्यावरही त्यांना ते तितकेच आवडते का? आवडत असेल, हिरव्या कोंबाची गोष्ट त्यांना स्वतःला सांगाविशी वाटत असेल, आणि तुम्हालाही ते नाव आपले वाटत असेल, तर थाळीला घाबरू नका, थालिया ठेवा. नुसत्या दुर्मीळपणासाठीच हवे असेल तर मी दुर्वाच्या बाजूची आहे. दोन्हींपैकी जे कागदावर येणार नाही ते पाळण्यात राहू द्या. बारशाला नणंदबाईंच्याच तोंडून दोन्ही नावे बाळाच्या कानात जाऊ द्या. मान त्यांचा आहे आणि तो त्यांना मिळाला की थायी-वाटीचा जोर अर्धा ओसरेल. मात्र त्यांना नाव त्याच दिवशी कळू देऊ नका. आठ-पंधरा दिवस आधी तुम्ही स्वतः फोन करा, अर्थ सांगा आणि चार वेळा म्हणून घ्या.

ज्यांच्या घरी असाच पेच आहे त्यांनी, मग ते नाव झोई असो, क्लोई असो, आयरिस असो की रिया, बारशाआधी महिनाभर ते घरात वापरून पाहावे. आजीने ओसरीवरून, बापाने बांधावरून हाक मारावी. पंधरा दिवसांनी आजी ज्या रूपाने हाक मारू लागते, तेच त्या नावाचे गावातले रूप. ते रूप आवडले तर नाव ठेवावे. क्लोईचा अर्थही कोवळा हिरवा कोंबच आहे, आणि आयरिस म्हणजे इंद्रधनुष्य, पण आजीचे इरीस तुम्हाला चालणार आहे का, हे आधी ठरवावे.

कागदपत्रांचे थोडे, कारण घाई बहुधा तिथूनच येते. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवाय होऊ शकते, आणि तुमची तशी झालेली आहे. नोंदीपासून १२ महिन्यांच्या आत नाव कळवले तर शुल्क लागत नाही. त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ते घालता येते. म्हणजे तुमच्या हातात पुढच्या आश्विनापर्यंतचा वेळ आहे आणि माघातले बारसे त्यात आरामात बसते. यजमानांना आत्ताच अर्ज द्यायचा असेल तर थांबवा. नोंदीतली लेखनाची चूक दुरुस्त होते, पण आवड बदलली म्हणून नाव बदलायला गेलात तर राजपत्रापर्यंतची पायपीट असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे, तेव्हा त्यावर जे छापले जाईल तेच पुढे आधारवर आणि शाळेच्या टीसीवर जाईल. आणि लक्षात ठेवा, नोंद जिथे जन्म झाला तिथे असते. तुमच्या सासरच्या ग्रामसेवकांकडे हे काम होणार नाही; माहेरी जाल तेव्हा, जिथे नोंद केली त्याच ठिकाणी नाव घालावे लागेल.

जाताना नाव कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या, वर मराठीत, खाली रोमन अक्षरांत, आणि तोंडी सांगण्याऐवजी तो कागद समोर ठेवा. थालिया ठरले तर 'लि' ऱ्हस्व आहे, हे बोट ठेवून दाखवा. दाखला हातात आला की दाराबाहेर पडण्याआधी, तिथेच उभ्या उभ्या, तिचे आणि त्याला लागून असलेले तुमचे नाव अक्षर न् अक्षर वाचून घ्या.